मिरवणुकीसाठी भाड्याने आणलेला यांत्रिक हत्ती: पाय शोभेचे, चाकं कामाची

आमच्या मंडळातल्या पोरांना खरं तर चालणारा हत्ती हवा होता. शिवजयंतीच्या चित्ररथाची पहिली बैठक झाली तेव्हाच एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात लोखंडाचा प्रचंड हत्ती पाय टाकत गर्दीतून येत होता. "काका, असला करूया की आपण. उद्यमबागेत काय मिळत नाही?"

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सगळं मिळतं हे खरं आहे. ओतकाम, मशिनिंग, पंप, वॉल्व्ह, सील, सगळं सायकलवरून फिरून गोळा करता येतं. मी तिथे २७ वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करतोय. म्हणूनच दुसऱ्या दिवशी चौघांना शेडवर बोलावून घेतलं आणि खडूने फरशीवर हिशोब मांडला.

अकरा फुटी हत्ती धरा. लोखंडी पाय, इंजिन, तेलाला दाब देणारा पॉवर पॅक, तेलाची टाकी मिळून तीन टन तरी होणार. चालताना एक पाय उचलला की भार उरलेल्या तिघांवर जातो, आणि त्यातल्या एखाद्या पायावर दीड टन येणारच. गुडघ्यापासून पाऊल आडव्या अंतरात ४० सेंटिमीटर लांब आणि सिलिंडरची पिन १० सेंटिमीटरवर असेल, तर सिलिंडरला चौपट, म्हणजे ६ टन रेटायला लागतात. ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर लावला तर तेलाचा दाब १९० बारच्या आसपास. एवढं जमण्यासारखं आहे. पोरं खूश झाली. मग म्हटलं, आता हाच हत्ती दुप्पट उंच करा, व्हिडिओतला दिसतोय तसा. वजन आठपट, २४ टन. पिना, बुश, सिलिंडर सगळं दुप्पट जाड केलं तरी त्यांचं क्षेत्रफळ चौपटच होतं. दाब जातो ३८० बारवर. रोजच्या वापरातला गिअर पंप तिथे टिकत नाही. शेळीचे पाय आणि म्हशीचे पाय शेजारी ठेवून बघा. म्हैस शेळीच्या मापाच्या पायांवर उभी राहिली नसती. जनावर मोठं होत जातं तसे पाय जाडच जाड करत जावे लागतात, आणि तो जाडपणा पुन्हा वजनच वाढवतो.

आणि होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तर? ट्रॉली उचललेली असताना होज गेला की ती कशी खाली येते हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. रामदेव गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं खेटून उभी असताना तीन टनांचा गुडघा दुमडला, तर ढोल-ताशाच्या पथकातल्या मुली नेमक्या त्याच्या शेजारी असतात. सिलिंडरच्या तोंडावरच तेल मागे जाऊ न देणारा चेक वॉल्व्ह बसवला तर पाय आहे तिथे अडकून राहतो, हे मी रोजच करतो. पण एक पाय हवेत आणि वजन पुढे झुकलेलं, अशा अवस्थेत अडकलेला हत्ती ढकलायचा कुणी आणि कसा? चाकाची गाडी बंद पडली तर दहा पोरं ती बाजूला घेतात.

मग त्या व्हिडिओतला हत्ती नीट बघितला. तो फ्रान्समधल्या नांत शहरातला, २००७ पासून लोकांना पाठीवर घेऊन फिरणारा. उंची १२ मीटर, वजन ४८ टनांच्या घरात, एका वेळी पन्नासेक माणसं. पोरांना मी पोटाखाली बघायला लावलं. पाय उचलले जातात, गुडघे वाकतात, पण भार त्यांच्यावर नाहीच. भार खालच्या चाकांवर आहे. एवढं नावाजलेलं यंत्र बनवणाऱ्यांनीही वजन चाकांना दिलं आणि पायांना फक्त हालचाल दिली, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. कारागिराने कुठे हट्ट सोडायचा हे त्यांना कळलं होतं.

खरोखर चार पायांवर चालणारं यंत्रही आहे. जर्मनीतल्या फुर्थ इम वाल्ड गावातला ड्रॅगन १५.७२ मीटर लांब आणि ११ टनांचा आहे. सर्वांत मोठा चालणारा रोबो म्हणून २०१२ मध्ये गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. पण तो तिथल्या ड्रॅगनवधाच्या पारंपरिक नाटकासाठी बनवलाय. जागा ठरलेली, वाट ठरलेली, माणसं लांब. आमची मिरवणूक नरगुंदकर भावे चौकातून निघते आणि मारुती गल्लीत शिरेपर्यंत पाय ठेवायला जागा राहात नाही. तो खेळ इथे आणता येणार नाही.

कामासाठी असली जनावरं करून बघणारेही थोडे नव्हते. अमेरिकेत १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने लष्करासाठी चार पायांचा चालता ट्रक केला. चालवणाऱ्याने आपल्या दोन हातांनी पुढचे आणि दोन पायांनी मागचे पाय हलवायचे. यंत्र चाललं, पण माणूस थोड्याच वेळात पिळून निघायचा. पुढे बॉस्टन डायनॅमिक्सने एलएसथ्री नावाचं खेचराएवढं ओझ्याचं यंत्र केलं. १८० किलो घेऊन डोंगरात चालायचं. २०१५ मध्ये मरीन सैनिकांनी ते बाजूला ठेवलं, कारण इंजिनाचा आवाज. शत्रूला लांबूनच पत्ता लागायचा. त्याच कंपनीचा स्पॉट मात्र ३२ किलोच्या आसपास, बॅटरीवर चालणारा, आणि आज कारखान्यांत तपासणीच्या फेऱ्या मारतो. कुत्र्याएवढा आहे म्हणून परवडतो.

एकच ठिकाण मला पटतं, ते म्हणजे रान. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात सहा पायांचं झाडं तोडायचं यंत्र बनवलं होतं, मोठ्या किड्यासारखं. ओल्या मातीत चाकांच्या चाऱ्या पडू नयेत आणि उतारावर तोल राहावा म्हणून. विकायला ते कधी आलं नाही. पण पावसाळ्यात खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीकडे लाकडाच्या लॉरीने केलेल्या चाऱ्या ज्याने बघितल्यात, त्याला त्या सहा पायांचा विचार चुकीचा वाटणार नाही.

एवढं झाल्यावर पोरांनीच म्हटलं, "मग चाकांवरचाच आणूया." दोन रात्रींचं भाडं, वाहतूक आणि बरोबर एक माणूस धरून ४५ हजार ठरले. भाडेवाल्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या त्याला फोनवर सांगून झाल्यात.

हत्ती म्हणून चीज चांगली आहे. आत चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर फायबर, त्यावर फोम आणि रबराची कातडी. कातडीवरच्या सुरकुत्या हाताने कोरलेल्या, कानाच्या कडेला तो गुलाबी डागाळलेला रंगसुद्धा आहे. दोन कानांना दोन वायपर मोटरी, डोकं आणि शेपटीला गिअर मोटरी. चार पाय स्थिर, खाली चार चाकांची बैठक. आमच्या देखाव्यात राज्याभिषेकानंतरची मिरवणूक होती. हत्तीवर अंबारी, अंबारीत महाराजांच्या वेशातला मुलगा. पहिल्या रात्री चौकात दिवे लागले आणि कान हलायला लागले तेव्हा गल्लीतल्या एका आजींनी पुढे होऊन सोंडेला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. त्यांना तो रबराचा आहे हे माहीत होतं. कान आणि डोळ्यांची पापणी बरोबर असली की माणूस बाकीचं स्वतः पुरवतो. पायांकडे बघायला कुणीही वाकलं नाही.

आता सोंड. सोंडेच्या आत प्लायच्या तीसेक चकत्या ओवल्यात, मुळाशी ताटाएवढ्या आणि टोकाशी बशीएवढ्या. प्रत्येक चकतीला चार भोकं, त्यातून चार तारा. वरची तार ओढली की सोंड उचलते, बाजूची ओढली की वळते. साधी आणि फार सुंदर रचना आहे. पण भोकांना बुश घातलेले नाहीत. पोलादी तार सरळ प्लायवर घासते. समादेवी गल्लीच्या तोंडाशी "काका, सोंड खाली येऊलाली बघा!" म्हणून पोरगा ओरडला. वरच्या तारेचे धागे एकेक करून तुटत गेले होते आणि शेवटी तारेच्या टोकाचं निपलच निसटलं. बरोबर आलेल्या माणसाकडे जादा तार नव्हती. मी सोंडेची चेन उघडून टॉर्च दातात धरला, एका पोराने त्याच्या मोटरसायकलची क्लच वायर काढून दिली. ती अपुरी पडली, तेव्हा दोन वायरी स्क्रूच्या क्लॅम्पने जोडल्या. वीस मिनिटं मिरवणूक आमच्यामुळे थांबली. मागच्या मंडळाने तेवढ्यात झांज सुरू ठेवली, त्यांचे उपकार आहेत.

दुसऱ्या रात्री वळीव आला. वैशाखात बेळगावात वळीव येणार हे भाडेवाल्याला कुणी सांगायला नको होतं. कानांचा फोम स्पंजसारखा पाणी प्यायला, कान दुप्पट जड झाले आणि वायपर मोटरीचा फ्यूज उडाला. नवा फ्यूज घातला, तोही उडाला. शेवटी दोघांनी कान कापडासारखे पिळले, मग एक कान चालू झाला. यंदे खुटापासून धर्मवीर संभाजी चौकापर्यंत हत्ती एकच कान हलवत गेला. रबराची कातडी कडेला चिकटवून बंद केली असती तर पाणी आत गेलंच नसतं.

उंचीचं आधी विचारा. हत्ती ११ फूट, त्याखाली ट्रॉली, वर अंबारी, त्यात बसलेलं पोर. गल्लीत वायरी लोंबतात. लाइनमनने लाइन बंद ठेवली होती म्हणून निभावलं, तरी दोघे जण कोरड्या बांबूने वायरी उचलत पुढे चालत होते. अंबारीत बसणाऱ्याला धरायला दांडी नव्हती, ती मी वेल्डिंग करून बसवली आणि कमरेला पट्टा बांधला. सगळ्या मोटरी एका झटक्यात बंद करणारं लाल बटण नव्हतं. मुलं सोंडेला लोंबकळतात, बोट चकत्यांत अडकू शकतं. या बाबतीत मी अजूनही रागात आहे.

तरीही मी हा हत्ती घ्याच म्हणेन. लहानपणी मी मिरवणुकीत जिवंत हत्ती बघितलाय. ढोल त्याच्या कानाशी वाजत होता आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा झुलत होता. तेव्हा आम्हाला वाटायचं की तो नाचतोय. २०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातेत जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा आमच्याकडेही माणसं रडली. कोण बरोबर यावर घराघरात वाद झाले. त्या वादात मी जात नाही. माया खरी होती आणि साखळीही खरी होती, एवढंच मला कळतं. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजडप्पिळ्ळी कृष्ण मंदिरात २०२३ पासून ११ फुटी, ८०० किलोंचा यांत्रिक हत्ती उत्सवाला उभा राहतो. पाच मोटरी आणि चाकं, आमच्या भाड्याच्या हत्तीसारखाच. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहायला हेच जनावर योग्य आहे.

भाडेवाल्याला तीन गोष्टी सांगितल्यात: चकत्यांना नायलॉनचे बुश, कानांना पाणी न पिणारा फोम, आणि मानेखाली हाताला येईल असं लाल बटण. बुश मी शेडवर लेथवर काढून देतो म्हटलं, मापं त्याने पाठवायची. पुढच्या वैशाखासाठी मंडळाने नाव नोंदवलंय. क्लच वायरींचा एक जोड मी आत्ताच ग्रीस लावून टूलबॉक्समध्ये ठेवलाय.