इलफोर्ड एचपी ५ प्लस: घाटातल्या मालगाड्यांपुरतं बोलायचं तर

दोन पावसाळ्यांत या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे नऊ रोल कसारा घाटात संपवले, तेही बहुतेक मालगाड्यांवर. मेल-एक्स्प्रेसच्या मागे लागणारे पुष्कळ आहेत. मला १:३७ च्या (३७ मीटरला एक मीटर) चढावर कण्हत येणारी वाघिणींची रांग आवडते. इंजिन वळणाआड गेलं तरी शेपूट यायचंच असतं, आणि त्या शेपटाला कसाऱ्याला जोडलेली बँकर इंजिनं रेटत असतात.

पहिल्या रोलवर मी वैतागलो होतो. गंजकट तांबड्या बॉक्स-एन (वरून उघड्या) वाघिणी आणि मागे हिरवागार डोंगर; डोळ्यांना केवढा फरक! निगेटिव्ह स्कॅन केल्या तर दोन्ही एकाच राखाडी छटेचे, गाडी डोंगरात विरघळलेली. पुढच्या खेपेला लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवला. तांबडं उजळलं, हिरवं गडद झालं, वाघिणींच्या कडा नि पत्र्यावरचे पोचे सुटे दिसू लागले. पण हा फिल्टर दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे चौथा हिस्साच आत सोडतो. ढगाळ घाटात ४०० आयएसओची (आकडा मोठा, तितका उजेड कमी लागतो) फिल्म १०० सारखी वागायला लागते, शटर १/६० वर येतं आणि गाडी रेंगाळत असली तरी वाघिणीवरचे आकडे पुसट होतात.

म्हणून मी ही फिल्म १६०० समजून वापरतो आणि घरी डी-७६ या डेव्हलपरमध्ये जास्त वेळ धुतो. फिल्टरने खाल्लेले दोन स्टॉप वसूल! एवढी ओढाताण ही फिल्म निमूटपणे सोसते, यासाठी तिला पैकीच्या पैकी. धुक्यात फिल्मचा दाणा (चित्रातला खरखरीतपणा) दिसतो, नाही असं नाही, पण गंजलेल्या पत्र्याला तो शोभतो. इंजिनाच्या पोटाखाली मात्र नुसता काळोख उरतो. चाकं, स्प्रिंगा हव्या असतील तर ऑक्टोबरच्या उन्हात जा आणि ४०० वरच ठेवा.

किंमत टोचते. रोल मला हजाराच्या आतबाहेर पडतो. त्यात फ्रेमा ३६, आणि बॉक्स-एनच्या पूर्ण रेकला (अख्ख्या गाडीला) वाघिणी ५८! त्यामुळे हात आपोआप आखडतो. इंजिनावर दोन, मधल्या वाघिणींवर एखादी, बाकी शेवटासाठी. गार्डचा डबा (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण ते जिभेवर बसत नाही) वाघिणी आणि बँकर यांच्यामध्ये चेपलेला असतो, ते मला सोडवत नाही.

एक रोल वाया गेला, त्यात फिल्मचा दोष नाही. कंटाळा करून एका दुकानात धुवायला दिला. त्यांनी तो रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनात घातला. त्यात चित्र धरणारी चांदीच निघून जाते. कोरी पारदर्शक पट्टी हातात ठेवली आणि वर धुलाईचे पैसे घेतले. तेव्हापासून रोल दुसऱ्याकडे द्यायची वेळ आलीच, तर डबीवर मार्करने ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असं ठळक लिहितो. आणखी एक: फ्रिजमधून काढलेल्या रोलची डबी लगेच उघडू नका, पावसाळी हवेत फिल्मवर बाष्प धरतं.

नवव्या रोलची शेवटची फ्रेम प्रिंटला टाकलीय. गार्ड डब्याच्या ओसरीवर उभा, हातात चहाचा ग्लास, पाठीशी बँकरचं भलंमोठं तोंड, आणि बँकरच्या काचेतून असिस्टंट ड्रायव्हर त्या चहाकडे बघतोय.