पिफ की इफ्फी? रजा एकाच फेस्टिवलची असेल तर

दसरा गेला की कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, यंदा माझ्या मामेभावाचा नंबर लागला. नाशिकला असतो, बँकेत आहे, शिल्लक रजा मोजून नऊ आणि त्यातल्या दोन-तीन दिवाळीत जाणार, आणि त्याला एकदा तरी इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल अख्खा बघायचाय, म्हणजे गळ्यात कार्ड घालून सकाळी नऊ ते रात्री अकरा. गोव्याचा इफ्फी (इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल ऑफ इंडिया) की पुण्याचा पिफ (पुणे इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल)? फोनवर मी पटकन "पुण्याला ये" म्हणून मोकळा झालो, तो म्हणाला तू पुण्याचा म्हणून म्हणतोयस, आणि ते थोडं खरंही होतं म्हणून आता नीट लिहायला बसलोय. दोन्हीकडे बऱ्याच वाऱ्या झाल्यात त्यामुळे कोणा एकाची बाजू घ्यायची गरज नाही. (मुंबईचा मामि यात का नाही, तर २०२५ साली तो झालाच नाही, आणि जो होईल की नाही याचीच खात्री नाही त्याच्यासाठी रजा कशी टाकायची.)

आधी तारखांचं बघू कारण नोकरीवाल्याचं सगळं तिथेच अडतं. इफ्फी २० ते २८ नोव्हेंबर, ठरलेलं, कोविडचं वर्ष सोडलं तर (तेव्हा तो सरकून जानेवारी २०२१ मध्ये झाला) तुम्ही वर्षभर आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवू शकता. पिफ म्हणायला जानेवारीतला. २०२२ साली झाला मार्चमध्ये, २०२३ ला फेब्रुवारीत, २०२४ ला परत जानेवारीत आणि २०२५ ला १३ फेब्रुवारीला सुरू. साहेबाला रजेचा अर्ज देताना "जानेवारी किंवा फेब्रुवारी, कळवतो" असं लिहून चालत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या माणसासाठी हा मुद्दा छोटा नाही. इथे गोव्याला सरळ मार्क.

पैसे. नुसत्या रजिस्ट्रेशनचं बघाल तर दोन्हीकडे एका वीकेंडला मल्टिप्लेक्समध्ये चौघांचं जेवढं होतं त्याहून कमी, गोव्यात गेल्या काही वर्षांत हजार अधिक जीएसटी, पुण्यात हजाराच्या आत. खरा खर्च राहण्याचा. नोव्हेंबरअखेर म्हणजे गोव्याचा सीझन सुरू झालेला, पणजीत रूमचे भाव चढलेले, मग लोक म्हापशाला किंवा पर्वरीला राहतात आणि रात्री शेवटचा शो सुटल्यावर बस कधीच गेलेली असते म्हणून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करतात. ट्रेनने जाणार असाल तर मडगावला न उतरता करमळीला उतरा, पणजी तिथून जवळ. पुण्यात प्रत्येकाची एक तरी आत्या असतेच.

आता दोन्ही ठिकाणी दिवस कसा जातो ते. इफ्फीला सगळं ऑनलाइन बुकिंगवर, आधीच सीट घ्यायची, दिवसाला ठरावीक तिकिटं, आणि कान किंवा व्हेनिसचा फेस्टिवल गाजवून आलेल्या फिल्मच्या सीट बुकिंग उघडल्यावर चहा होईपर्यंत संपतात, मग ज्यांना मिळालं नाही ते वेगळ्या रांगेत उभे राहतात आणि रिकाम्या खुर्च्या राहिल्या तर आत. एकदा सवय झाली की बरं वाटतं, कारण सीट पक्की असली की मधल्या दोन तासांत मांडवीच्या काठाने चालून येता येतं, जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात बसता येतं. पुण्यात साधा हिशोब, जो आधी येईल तो आत. कार्ड दाखवा, रांगेत उभे राहा, लोकप्रिय फिल्मला अर्धा-पाऊण तास आधी. पाय दुखतात खरे. पण पिफची खरी मजा त्या रांगेतच आहे हे मी शपथेवर सांगतो, पुढे एक सत्तरीचे आजोबा असतात ज्यांनी शेड्यूलवर तीन रंगांच्या पेनाने खुणा केलेल्या असतात, मागे एफटीआयआयची (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची) पोरं कालच्या इराणी फिल्मची चिरफाड करत असतात, आणि आजोबा मागे वळून त्यांना सांगतात की तुम्ही शेवट नीट बघितलाच नाही. माझे निम्मे सिनेमाचे मित्र या रांगेत झालेत, गोव्यात मात्र दहा वर्षांत एकाचाही फोन नंबर घेतला नाही.

एक सूचना दोन्हीकडे लागू, सबटायटल इंग्रजीत असतात. आईला घेऊन गेलो होतो एकदा, तिला वाचता येतं पण तेवढ्या वेगात नाही, दुसऱ्या दिवसापासून ती फक्त मराठी फिल्मांना आली. घरच्या मोठ्यांना आणणार असाल तर पिफमध्ये त्यांची सोय आहे, मराठी स्पर्धाच वेगळी असते.

आणि इथून मुख्य विषय, ज्युरी आणि अवॉर्ड. लोक "इफ्फीत सिलेक्ट झाली" एवढं वाक्य ऐकून थांबतात पण त्या वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात. एक, इंटरनॅशनल कॉम्पिटिशन, साधारण १५ फिल्म, त्या बघायला देशविदेशातली पाच जणांची ज्युरी, आणि त्यातूनच मोर, म्हणजे सुवर्णमयूर आणि रौप्यमयूर हे पुरस्कार, मिळतात. दोन, इंडियन पॅनोरमा, १९७८ पासूनचा विभाग, पंचवीसेक फीचर आणि वीसेक नॉन-फीचर, त्यांची निवड करणारी ज्युरी पूर्ण वेगळी, सगळी आपल्याकडची माणसं, आणि तिथे निवड हाच मान. तीन, बाकीचे स्पर्धेबाहेरचे विभाग. चार, फिल्म बझार, म्हणजे बाजारच, २००७ पासून भरतो, तिथे निर्माते, वितरक, परदेशी फेस्टिवलचे प्रोग्रामर फिरत असतात आणि त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, महाग. या चारपैकी कुठल्याही ठिकाणी फिल्म असली तरी सांगताना "इफ्फीत सिलेक्ट झाली" एवढंच सांगितलं जातं, त्यामुळे पुढच्या वेळी विचारा, कुठल्या विभागात?

सुवर्णमयूर म्हणजे ४० लाख रुपये, दिग्दर्शक आणि निर्मात्यात विभागून. रौप्यमयूर दिग्दर्शकाला १५ लाख, नट आणि नटीला दहा-दहा, शिवाय स्पेशल ज्युरीचा १५ लाखांचा. आता सुवर्ण बघा कोणाकडे गेला, २०२१ ला जपानी फिल्म, २०२२ ला कोस्टा रिकाची, २०२३ ला इराणी दिग्दर्शक अब्बास अमिनी, २०२४ ला लिथुआनियाची. पण रौप्यमध्ये आपली माणसं बरीच दिसतात. २०१९ ला उषा जाधव 'माई घाट'साठी, २०२१ ला जितेंद्र जोशी 'गोदावरी'साठी, २०२५ ला 'गोंधळ'साठी संतोष डावखर थेट सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, आणि २०२४ ला पदार्पणातल्या भारतीय दिग्दर्शकाचा नवा पुरस्कार सुरू झाला तो पहिलाच 'घरत गणपती'च्या नवज्योत बांदिवडेकरला. म्हणजे मराठीवाल्यांनी गोवा परका मानायचं काही कारण नाही.

पण इफ्फी केंद्र सरकारचा फेस्टिवल आहे आणि ते विसरू देत नाहीत. २०१७ साली पॅनोरमाच्या ज्युरीने निवडलेल्या यादीतून दोन फिल्म मंत्रालयाने काढल्या, एक मल्याळम 'एस दुर्गा' आणि दुसरी आपल्या रवी जाधवांची 'न्यूड', जी खरंतर पॅनोरमाची ओपनिंग फिल्म ठरलेली होती. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष राजीनामा देऊन बाहेर पडले. मग २०२२, समारोपाच्या स्टेजवर इंटरनॅशनल ज्युरीचे अध्यक्ष इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिद यांनी स्पर्धेतल्या 'द काश्मीर फाइल्स'ला प्रचारकी म्हटलं, एवढ्या मोठ्या फेस्टिवलच्या स्पर्धेला ती शोभत नाही म्हणाले, समोर मंत्री बसलेले. भारतीय सदस्य सुदीप्तो सेन म्हणाले हे त्यांचं वैयक्तिक मत, आणि उरलेल्या तीन परदेशी सदस्यांनी नंतर सांगितलं की आम्ही लापिद यांच्यासोबत आहोत. त्या फिल्मबद्दल तुमचं मत काही का असेना, मला त्यातली एक गोष्ट फार आवडली, की बंद खोलीत पाच माणसं काय बोलली ते एकदाचं बाहेर आलं. एरवी ज्युरी म्हणजे समारोपाच्या दिवशी उघडणारं पाकीट.

पिफ २००२ पासून पुणे फिल्म फाउंडेशन करतंय, सुरुवातीपासून प्रमुख दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, आणि राज्य सरकार पाठीशी. इथे जागतिक स्पर्धेत साधारण १४ फिल्म, मराठी स्पर्धेत सातेक, शिवाय विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्मची वेगळी स्पर्धा. जागतिक स्पर्धेतला मोठा पुरस्कार 'प्रभात'च्या नावाने, दहा लाखांचा, आणि मराठीचा 'संत तुकाराम'च्या नावाने, पाच लाखांचा. ही नावं उगाच शोभेची नाहीत, 'संत तुकाराम' प्रभातने १९३६ साली काढला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला, आणि ज्या प्रभात स्टुडिओत तो घडला तिथेच आज एफटीआयआय आहे. लॉ कॉलेज रोडवर फिल्म संग्रहालयाच्या थिएटरला पिफचा शो बघून बाहेर पडलात की चालत पाच-दहा मिनिटांवर ती जागा. सुवर्णमयूर जगात जास्त वजनदार हे मान्यच, पण असं पायाखालचं नाव दुसऱ्या कुठल्या पुरस्काराला आहे सांगा.

आणि हा माझा खरा मुद्दा. १४ आणि ७ म्हणजे २१, आठवड्यात रोज तीन फिल्म बघितल्या की अख्खी स्पर्धा तुमची बघून होते, ज्युरीने जे बघितलं ते सगळं तुम्हीही बघितलेलं असतं. मी दर वर्षी वहीत माझा निकाल लिहून ठेवतो आणि शेवटच्या दिवशी ताडून बघतो, बहुतेक वेळा जमत नाही आणि मग पुढचा महिनाभर भांडायला विषय मिळतो, पण ते भांडण बरोबरीचं असतं. गोव्यातही पंधराच फिल्म आहेत स्पर्धेत, आठ-नऊ दिवसांत आरामात होतील, पण करत कोणीच नाही, मीही केलं नाही, कारण दोनशेच्या वर फिल्म लागलेल्या असतात आणि बर्लिन-कानची गाजलेली फिल्म सोडून लिथुआनियाच्या नवख्या बाईची पहिली फिल्म कोण बुक करणार. आणि मग सुवर्णमयूर नेमका तिलाच मिळतो, आणि आपण परतीच्या गाडीत मोबाइलवर तिचं नाव वाचत बसतो.

फिल्म बनवणारे वाचत असतील तर त्यांचं गणित वेगळं. तुमची पहिली मराठी फिल्म तयार आहे आणि पुढे विकायची आहे तर गोव्याचा बझार सोडू नका, तिथे भेटणारी माणसं पुण्यात भेटत नाहीत, राज्य सरकारही निवडक मराठी फिल्म तिथे घेऊन जातं. मराठी प्रेक्षक फिल्मकडे कसा बघतो हे कळून घ्यायचं असेल तर पुणे, शो संपल्यावर प्रश्न विचारायला उठणाऱ्या काकू कुठल्याही ज्युरीपेक्षा कडक असतात. शॉर्टफिल्मवाल्या विद्यार्थ्यांनी तर विचारच करू नये, पिफ.

तर मामेभावाला सविस्तर सांगितलं ते असं: पहिलाच फेस्टिवल असेल, एकटा जाणार असशील आणि सिनेमावर बोलायला माणसं हवी असतील तर पुण्याला ये, स्पर्धेच्या एकवीस फिल्म बघ, वही आण. वहिनी आणि मुलं बरोबर असतील तर गोवा, दिवसाला दोनच फिल्म बुक कर, बाकी वेळ त्यांचा, नाहीतर घरी परत घेणार नाहीत. आणि आधी चार-पाच फेस्टिवल बघून झालेत, एखाद्या दिग्दर्शकाच्या मागे आहेस, त्याची नवीन फिल्म थिएटरात कधी लागणार नाही हे माहीत आहे, तेव्हा गोवाच, कारण ती आधी तिथेच येण्याची शक्यता जास्त.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, पटलं, पुणे फायनल, रजेचा अर्ज याच आठवड्यात द्यायचाय, तारखा सांग.

मी म्हटलं, अजून जाहीर झाल्या नाहीत रे.