छुप्या कॅमेऱ्याच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

चोपड्याला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांनी सुरू केलेलं. जे घडलं ते घरच्या माणसांपलीकडे फारसं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटायची. पण दुकान असो, जिनिंग असो, डाळ मिल असो की केळीचं पॅकहाउस, माणसं कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात चोरीची भीती असते. त्या भीतीवर पोट भरणारी माणसं आपल्या भागात फिरताहेत, म्हणून आता सगळं लिहून काढतोय.

२०२४ चा उन्हाळा होता. मार्चपासून माझा साठा जुळत नव्हता. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी जे औषध जातं त्याच्या लहान बाटल्या कमी भरायच्या. शर्टाच्या खिशात मावेल एवढी बाटली, पण किंमत कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाच्या जवळपास, आणि पाकीट त्या वर्षी ८६४ रुपयांना होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चौदा बाटल्यांचा फरक आला. आमच्या धंद्यात हा फरक नुसता पैशांचा नसतो. कृषी खात्याचे निरीक्षक तपासणीला आले आणि रजिस्टर व रॅक जुळलं नाही, तर गोष्ट परवान्यापर्यंत जाते. त्यात मेच्या मध्यानंतर कापसाच्या बियाण्याची विक्री सुरू होणार, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसणार. रात्री झोप लागत नव्हती.

दुकानात मी, बिलं करणारा एक जण, माल काढून देणारा एक पोऱ्या, आणि झाडलोट व गोण्यांची मांडामांड करायला येणाऱ्या दोघी बाया. पोऱ्या नऊ वर्षांपासून आमच्याकडे होता, मिसरूड फुटायच्या आधीपासून. संशय घ्यायचा तर यांच्यातच कोणावर तरी घ्यायचा, असं मी मनाशी धरून बसलो. माल दुकानात येतानाच कमी येत असेल, हे डोक्यातही आलं नाही.

अशात छुपे कॅमेरे विकणारा तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात टॅब. जळगावला ऑफिस आहे म्हणाला. मी काही बोलायच्या आधीच त्याने विचारलं, ‘आप्पा, छोटा आणि महाग माल कमी भरतोय ना?’ मला वाटलं, माणूस जाणकार आहे. आज कळतं की कुठल्याही दुकानात हाच प्रश्न विचारला तर दहातले नऊ मालक हो म्हणतील.

दिसणारा कॅमेरा चोराला सावध करतो आणि लपवलेला चोराला पकडतो, असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटतं. चार कॅमेऱ्यांचे ४२ हजार सांगितले: एक भिंतीवरच्या घड्याळात, एक छताला लावायच्या धूरसूचक डबीत, एक फोटोच्या चौकटीत, एक मोबाईलच्या चार्जरमध्ये. सगळ्यांत १२८ जीबीचं कार्ड, तीस दिवसांचं रेकॉर्डिंग, मोबाईलवर चोवीस तास दिसणार.

मग त्याने ती अट घातली जिच्यात मी पुरता अडकलो. कोणालाच सांगायचं नाही. बिलं करणाऱ्याला नाही, भावाला नाही, घरीसुद्धा नाही. ‘एकाला कळलं की सगळ्यांना कळलं, आप्पा.’ बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिलावर कॅमेरा लिहिला तर तो कागद आधी तुमच्या हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात जाईल.’ म्हणून बिल नाही आणि पैसे रोख. काम रात्री दहानंतर, शटर अर्धं खाली ओढून. एरवी मी वीस रुपयांच्या मालाचीही पावती घेणारा माणूस. पण गुप्ततेची अट एकदा मान्य केली, की विचारायला, ताडून बघायला जवळ कोणी उरत नाही. तेच त्याला हवं होतं.

खोकी साधी पुठ्ठ्याची होती. त्यांवर कंपनीचं नाव नाही, भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक नाही. चार्जरवाला कॅमेरा मी गल्ल्याजवळ लाव म्हणत होतो. तो म्हणाला, ‘मागच्या खोलीत लावू, माल तिथूनच जातो.’ मागच्या खोलीत थोडा माल असतो हे खरं. पण दोघी बाया सकाळी येऊन तिथेच अंगावरचं चांगलं लुगडं बदलून कामाचं नेसतात, दुपारी तिथेच भाकर खातात. मला हे माहीत होतं. त्या रात्री मी हो म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

मोबाईलमध्ये अ‍ॅप त्याने टाकून दिलं, पण खातं त्याच्याच फोनवर उघडलेलं होतं आणि मला नुसतं बघायला दिलेलं. मूळ पासवर्ड त्याच्याकडे राहिला. ‘काही अडलं तर मी तिकडूनच नीट करीन,’ म्हणाला. मला ती सोय वाटली.

जून कसाबसा गेला. गर्दीत बघायला वेळच नव्हता. बघितलं तरी छतावरच्या डबीतून टोप्या आणि टकलं दिसायची, हात दिसायचे नाहीत. आणि आमच्या दुकानात नवं काही आलं की गिऱ्हाईक लगेच विचारतं: ‘आप्पा, हे छताला काय लावलं?’ रात्री घड्याळातल्या कॅमेऱ्याचं चित्र काळंकुट्ट. रेकॉर्डिंगवर तारीख २०१८ ची. त्याला फोन केला तर म्हणाला, लाइट गेली की तसं होतं. लाइट जाणं आमच्याकडे रोजचं, म्हणून मी गप्प बसलो.

जुलैच्या मध्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. पोऱ्या रॅकमधून बाटली काढतो, खिशात टाकतो आणि बाहेर जातो. ‘चोर सापडला, आप्पा. कार्डातून खोल जाऊन काढावं लागलं, त्याचे सहा हजार होतील.’ मी दिले. त्याच संध्याकाळी पोऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं. त्याने व्हिडिओ पाहिला आणि एवढंच म्हणाला, ‘आप्पा, मी काय लिधं नही.’ मी त्याचा हिशेब केला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. नऊ वर्षांचा हिशेब दहा मिनिटांत झाला.

ऑगस्टमध्ये पुन्हा चार बाटल्या कमी भरल्या.

गणपतीला भाचा घरी आला. तो जळगावला इंजिनिअरिंगला आहे. तोपर्यंत मी आतून खचलो होतो, म्हणून पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. त्याने आधी कागदावर एक हिशेब मांडला. साधारण स्पष्ट चित्राच्या कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट लागतात असं धरलं, तर तासाला ९०० एमबी होतात आणि दिवसाला साडेएकवीस जीबीच्या वर. म्हणजे खरंखुरं १२८ जीबीचं कार्डसुद्धा सलग रेकॉर्डिंगला सहा दिवसांत भरतं. तीस दिवसांना साडेसहाशे जीबीच्या आसपास जागा लागेल. पाचवीतलं पोरही करील असं हे गणित मी पैसे देण्याआधी मांडलं नाही.

मग त्याने कार्ड काढून तपासलं. संगणकात लावलं की १२८ दाखवायचं. पण त्यात मोठमोठ्या फाइली भरून परत उघडून बघितल्या, तर आठ जीबीच्या अलीकडचं तेवढं शाबूत, पुढचं सगळं खराब. चारही कार्डं तशीच. अशा बनावट कार्डांच्या चिपमध्येच खोटा आकडा भरलेला असतो आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हरवतं किंवा जुन्यावरच नवीन लिहिलं जातं. माझ्याकडे कधीही आठ-नऊ तासांपलीकडचं काही नव्हतं.

शेवटी त्याने तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर सावकाश चालवला. दोनदा बघून झाला. तिसऱ्यांदा त्याने पहिल्याच चित्रावर थांबवला आणि म्हणाला, ‘मामा, हा हात कोणाचा?’

डाव्या कोपऱ्यात, काउंटरच्या कडेला, अर्धा कापला गेलेला एक हात होता. पोवळ्याची अंगठी, मनगटावर लाल दोरा. बोट दाराकडे दाखवत होतं. हात माझाच होता. मग आठवलं. त्या दिवशी बाहेर ट्रॅक्टरवर एक शेतकरी बसला होता, पायाला प्लास्टर म्हणून त्याला उतरता येत नव्हतं. मीच पोऱ्याला म्हणालो होतो, बाटली नेऊन दे आणि पैसे घेऊन ये. त्याच्या दुसऱ्या हातात बिलबुक होतं, म्हणून त्याने बाटली खिशात टाकली. मागचं आणि पुढचं कापून उरलेलं मला सहा हजारांना विकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन करून पैसे परत मागितले. आवाज न चढवता म्हणाला, ‘मागच्या खोलीत सकाळी कोण काय करतं ते मलाही दिसतं, आप्पा. पोलिसांत गेलात तर कॅमेरा कोणाच्या दुकानात होता हे आधी तुम्हालाच विचारतील.’ माझे पाय गळाले. साडेतीन महिने तो माणूस आमच्या बायांना बघत होता आणि त्याला ती खिडकी मीच उघडून दिली होती.

वकिलांकडे गेलो. त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या प्रत्येक मालकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. स्त्री एकांतात असताना तिला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं खासगीपणाच्या भंगाबद्दलचं कलम ६६ई वेगळं, तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकान माझं, भिंत माझी, माल माझा, हे तिथे चालत नाही. आणि ज्या व्हिडिओवर मी पोऱ्याला काढलं, तो कोर्टात पुरावा म्हणून उभाही राहिला नसता. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागतं, रेकॉर्डिंगमध्ये फेरफार झाला नाही हे ताडण्यासाठी त्याचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, लागतं. माझ्याकडे तारीख चुकलेली, कापलेली, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली अकरा सेकंदं होती. त्यावर मी एका पोराला चोर ठरवलं.

वकिलांनी कॅमेरे काढून, काही न पुसता, पाकिटात बंद करून ठेवायला सांगितले आणि त्या बायांना आधी सांगा म्हणाले. त्या रात्री घरी सांगितलं. सकाळी बायको माझ्यासोबत दुकानात आली आणि आम्ही दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. थोरली बराच वेळ चार्जरच्या रिकाम्या बोर्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आप्पा, आम्हाला विचारलं असतं तर आम्हीच चोर शोधून दिला असता.’ धाकटी त्या दिवसापासून कामाला आली नाही. मी तिला बोलवायलाही गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

पोलिसांत तक्रार दिली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदवली. जळगावचा पत्ता एका मोठ्या मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावरचा होता. तिथे गेलो तर शिवणकाम करणारा एक म्हातारा बसलेला, वीस वर्षांपासून. फोन बंद. पैसे रोख दिलेले, बिल नाही, म्हणून माझ्याकडे दाखवायला कॅमेऱ्यांची डबडी आणि तो व्हिडिओ एवढंच. ४८ हजार गेले, त्यांचं मला आता काही वाटत नाही.

बाटल्यांचं कोडं ऑक्टोबरमध्ये सुटलं आणि त्याला कॅमेरा लागला नाही. माल उतरवताना मला एकदम आठवलं की फेब्रुवारीत पोऱ्या एक खोकं उचलून म्हणाला होता, ‘आप्पा, हाई खोकं हलकं लागी ऱ्हायनं.’ मी तेव्हा फोनवर होतो, हातानेच त्याला आत ने म्हणून खुणावलं होतं. आता खोकी न फोडता एकेक करून वजनकाट्यावर ठेवली. एक दुसऱ्यापेक्षा दोनशे ग्रॅमच्या आसपास हलकं भरलं. उलटं केलं तर बुडाला टेपवर टेप, खालच्या टेपला चाकूची चीर. दोन बाटल्या वाटेतच गेलेल्या. वाहतूकदार बदलला, तेव्हापासून फरक नाही. आता खोकं टेम्पोवाल्यासमोर तोलल्याशिवाय पावतीवर सही होत नाही.

दुकानात आता चार कॅमेरे आहेत, सगळे डोळ्यांना दिसतील असे, आणि दारावर पाटी आहे. मागच्या खोलीत एकही नाही, तिथे आतून कडी बसवली. लावताना सगळ्या माणसांना बोलावून कुठून काय दिसतं ते दाखवलं. पक्कं बिल घेतलं, पासवर्ड पहिल्याच दिवशी आम्ही स्वतः बदलला. आणखी एक माहिती: ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरे सरकारच्या सुरक्षाचाचणीत उतरल्याशिवाय देशात विकता येत नाहीत. म्हणून खोक्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते आधी बघा. विकणारा बिल द्यायला कां-कू करत असेल, तर त्याला चहा न पाजताच वाटेला लावा.

पोऱ्याकडे मी दिवाळीच्या आधी गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं. त्याचे हात धरून चूक कबूल केली, गावातल्या चार माणसांसमोर केली, कारण काढलं होतं तेही चारचौघांतच. तो म्हणाला, ‘आप्पा, मनात काही नही.’ पण दुकानात परत आला नाही. धरणगावकडे जिनिंगवर लागलाय. त्याच्या जागेवर आज दुसरा मुलगा आहे. खोकं हलकं लागलं तर बिनधास्त बोल, मी फोनवर असलो तरी बोल, हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं.

परवा शहाद्याहून ओळखीच्या एका दुकानदाराचा फोन आला. मिरचीचा हंगाम, गोडाऊन भरलेलं. म्हणाला, ‘आप्पा, एक जण आलाय. बॅगेत भिंतीवरचं घड्याळ आहे आणि म्हणतोय घरीसुद्धा सांगू नका.’ मी त्याला म्हटलं, त्याला बसवून ठेव, गाडीचा नंबर लिहून घे, आणि घरच्यांना आत्ताच्या आत्ता दुकानात बोलाव.