भेटीसाठी कागदी वाडगा की जुन्या जीन्सची पिशवी?

हाताने केलेली भेट द्यायची आणि सामान घरातल्या रद्दीतलंच वापरायचं, तर हे दोन पर्याय हमखास पुढे येतात.

वाडग्याला खर्च जवळजवळ शून्य. वर्तमानपत्राचे कपटे रात्रभर भिजवायचे, वाटून घट्ट पिळायचे, खळ मिसळून उपड्या भांड्यावर थापायचे. खरी परीक्षा वाळवताना. थर जाड झाला की वरून कोरडा दिसतो, आत ओल राहते आणि आठवड्याने बुरशी धरते. म्हणून पातळ थर, एक वाळल्यावरच दुसरा. चार-पाच दिवस हाताशी नसतील तर या वाटेला जाऊच नका. शिवाय छपाईची शाई आणि पाण्याची भीती, त्यामुळे त्यात खायचं काही ठेवता येत नाही. किल्ल्या, सुटे पैसे, कानातली एवढंच.

पिशवी एका दुपारी होते. मशीनला १६ नंबरची सुई लावा, साधी सुई जाड शिवणीवर मोडते. गुडघ्याजवळचं विरलेलं कापड टाळा. जुना खिसा तसाच ठेवला तर आयती शोभा! धुताही येते.

मला करायला वाडगा आवडतो, द्यायला मात्र पिशवी. घेणारा ती खरंच वापरतो. वाडगा बहुधा कपाटावर जातो.