पहिला बीएल मांगा कुठला घ्यावा: शाळेतले दोघे, कॉलेजातले दोघे की चाळिशीतले दोघे?

बीएल, म्हणजे ‘बॉईज लव्ह’: दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या, मुख्यतः बायका वाचकांसाठी काढलेल्या मांगांचा (जपानी चित्रकथांचा) प्रकार. तो वाचायला सुरुवात करायची आहे, पण माफिया, मालक-नोकर, रक्तबंबाळ सूड वगैरे भानगडी नकोत, साधी माणसं आणि साधे दिवस हवेत, अशी कुणाची मागणी असेल तर तीन नावं हमखास पुढे येतात. आसुमिको नाकामुराचं ‘दोक्युसेई’, युकी फुमिनोचं ‘हिदामारी गा किकोएरु’ आणि फुमि योशिनागाचं ‘किनो नानि ताबेता?’. इंग्रजीत ही अनुक्रमे ‘क्लासमेट्स’, ‘आय हिअर द सनस्पॉट’ आणि ‘व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?’ या नावांनी निघाली आहेत. तिन्ही चांगली आहेत. पण एकाच माणसाला तिन्ही सारखीच आवडतील असं अजिबात नाही, म्हणून ही तुलना.

निवडताना लोक आधी चित्रं बघतात, मग खंड किती ते मोजतात. माझ्या मते आधी बघायची गोष्ट वेगळी आहे: कथा प्रेमाच्या कुठल्या टप्प्यावर आपल्या हाती येते? ‘दोक्युसेई’मध्ये प्रेम आपल्या डोळ्यांदेखत जडतं. ‘हिदामारी’मध्ये ते जडलेलं असतं, पण दोघांपैकी एकाच्या डोक्यात प्रकाश पडायला खंडच्या खंड जातात. आणि ‘किनो नानि’मध्ये ते जडून, मुरून, रात्रीच्या भाजीला काय आणायचं इथवर येऊन पोचलेलं असतं. मी तिसऱ्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी सूट धरता येईल.

‘दोक्युसेई’ची गोष्ट मुलांच्या हायस्कुलातली. कुसाकाबे बँडमध्ये गिटार वाजवणारा, केस रंगवलेला, अभ्यासात यथातथा. साजो वर्गातला हुशार, चष्मेवाला, कुणात न मिसळणारा. समूहगानाच्या तालमीत साजो गात नाही हे कुसाकाबेच्या लक्षात येतं आणि त्याला वाटतं, स्वारीला असल्या गोष्टी खालच्या वाटत असणार. मग एकदा रिकाम्या वर्गात साजो एकटाच ते गाणं घोकताना सापडतो. चष्म्याचा नंबर पुरत नसल्यामुळे फळ्यावरचं त्याला नीट दिसतच नव्हतं! ‘शिकवू का तुला?’ इथून सगळं सुरू होतं. एवढंसं कारण, पण ते इतकं शाळेतलं आहे की कुठल्याही मोठ्या योगायोगापेक्षा जास्त पटतं.

नाकामुराची चित्रं ही या मांगाची खरी श्रीमंती. लांब मानेची, सडपातळ मुलं, बारीक वळणदार रेघा आणि पानभर मोकळी पांढरी जागा. संवाद कमी. बऱ्याच ठिकाणी एक बाजूला वळलेला चेहरा आणि शेजारी रिकामी चौकट, बस्स. ज्यांना ही रेषा भावत नाही त्यांना पात्रं वेलीसारखी लवलवती वाटतात, आणि तो आक्षेप मला समजतो. खरेदीआधी चाचणी घ्यायची असेल तर 2016 चा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) सिनेमा बघा. ए-वन पिक्चर्सनं केलेला, तासाभराचा, आणि मूळ रेषेला बराच इमानदार. तो आवडला तर पुस्तक आवडणारच.

‘हिदामारी’मध्ये चित्रांची अशी चैन नाही. सुरुवातीला तर हात थोडा कच्चाच वाटतो. तिथे जोर आहे तो परिस्थितीवर. कोहेईला शाळेत असताना अचानक कमी ऐकू यायला लागलं. पूर्ण बहिरा नाही आणि पूर्ण ऐकूही येत नाही, अशा मधल्या जागेत तो अडकलाय. लोक एकदा सांगतात, दुसऱ्यांदा सांगतात, तिसऱ्यांदा ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणतात. त्या ‘जाऊ दे’ला कंटाळून त्यानं लोकांत मिसळणंच सोडलेलं. अशात कॉलेजच्या आवारात एकटा डबा खात बसला असताना तायची नावाचा मुलगा वरून त्याच्या पुढ्यात येऊन कोसळतो. तायची आजोबांकडे राहतो, खिशात पैसे नाहीत, पोटात कायम भूक. कोहेई आपला डबा त्याला देऊन टाकतो. पुढे सौदा ठरतो: तायचीनं कोहेईसाठी तासाच्या नोंदी घ्यायच्या, बदल्यात घरचा डबा खायचा.

तायचीचा आवाज मोठा आहे. इतरांना त्याचा त्रास होतो, कोहेईला मात्र तोच ऐकू येतो. आणि एके दिवशी तायची त्याला खडसावतो की ऐकू न येणं हा तुझा दोष नाही, मग नीट ऐकू येईपर्यंत परत परत विचार की! मला वाटतं या मांगात प्रेम याच जागी घडतं, पुढच्या चुंबनात नाही. दया नाही, उपकार नाहीत, डोळ्यांत पाणी आणणारं संगीत नाही. एक भुकेला, मोठ्या आवाजाचा मुलगा चिडलाय, एवढंच. अपंगत्वावरच्या कथा बहुतेक वेळा उपदेशाच्या वाटेनं जातात, ही जात नाही.

त्रुटीही सांगायला हवी. नंतरच्या ‘लिमिट’ नावाच्या भागात गैरसमज ताणले जातात. एकानं बोलायचं टाळायचं, दुसऱ्यानं भलताच अर्थ काढायचा, हे इतकं होतं की वाचणाऱ्याला पान फाडून दोघांना समोरासमोर बसवावंसं वाटतं. ज्यांना अशी हुरहुर आवडते त्यांना ही मेजवानी आहे. मला ती एका मर्यादेनंतर जड जाते.

आता ‘किनो नानि ताबेता?’. तांत्रिकदृष्ट्या हा बीएल नव्हेच, कारण तो 2007 पासून कोदान्शा या प्रकाशनाच्या ‘मॉर्निंग’ या पुरुष वाचकांच्या साप्ताहिकात येतोय. पण योशिनागा बीएलमधूनच वर आलेली, आणि बीएल वाचणाऱ्यांनी या मांगाला केव्हाच घरचं मानलंय. काकेई शिरो वकील, सुरुवातीला 43 वर्षांचा. याबुकी केंजी केशकर्तनकार, त्याच्याहून थोडा लहान. टोकियोत एकत्र राहतात. शिरो संध्याकाळी वेळेवर ऑफिसातून निघतो, सुपरमार्केटात कुठे काय स्वस्त आहे ते बघतो आणि महिन्याचा जेवणखर्च 25,000 येनांत बसवतो. मग स्वयंपाक. तोही कृतीसकट: आधी भात लावायचा, तो होईतो भाजी चिरायची, एका गॅसवर सूप, दुसऱ्यावर परतणं. केंजी येतो, दोघं जेवतात, प्रकरण संपतं.

एवढंच? हो, जवळजवळ एवढंच. आणि नेमकं त्यामुळेच बाकी सगळं आत शिरतं. शिरो ऑफिसात कुणाला काही सांगत नाही, केंजीनं मात्र सलूनमध्ये सांगून टाकलंय. शिरोला केंजीबरोबर कॅफेत बसायचीसुद्धा चोरी वाटते. त्याची आई त्याला सांगते की तू गे असलास काय किंवा गुन्हेगार असलास काय, आम्ही तुला स्वीकारू. हे ती मायेनं म्हणते, हीच त्यातली गंमत आणि हाच त्यातला काटा. पुढे एका नववर्षाला शिरो केंजीला आईवडिलांकडे घेऊन जातो. परत येताना केंजी रडत म्हणतो की आता मेलो तरी चालेल. शिरो त्याला म्हणतो, मरायच्या गोष्टी करू नकोस, तेल-गोड कमी करायचं, पोट थोडं रिकामं ठेवायचं, आपल्याला बरंच जगायचंय. अख्ख्या बीएलमध्ये याहून मोठी प्रेमाची कबुली मला आठवत नाही, आणि ती पथ्यपाण्याच्या भाषेत आहे. त्यानंतर आईला ती भेट सोसली नाही, पुन्हा आणू नकोस, असा निरोप येतो. योशिनागा तोही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी परत स्वयंपाक असतोच.

तिन्हींमधला मोठा फरक मला इथे दिसतो. ‘दोक्युसेई’त घरचे आणि समाज जवळजवळ दाराबाहेर उभे आहेत. ‘हिदामारी’त समाज आहे, पण तो ऐकू येण्या-न येण्याच्या प्रश्नातून येतो, दोघं मुलगे असण्यातून कमी. ‘किनो नानि’त मात्र कायदासुद्धा जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो. जपानमध्ये समलिंगी लग्नाला देशपातळीवर मान्यता नाही. शिबुया आणि सेतागायासारख्या टोकियोतल्या प्रभागांनी 2015 मध्ये जोडीदार म्हणून नोंद द्यायला सुरुवात केली, पण त्यानं वारसाहक्क मिळत नाही. म्हणून शिरोच्या ओळखीचं एक वयस्क जोडपं त्याच्याकडे सल्ल्याला येतं: एकानं दुसऱ्याला कायद्यानं दत्तक घ्यायचं, कारण आपल्या कमाईतला एक येनही गावाकडच्या आईवडिलांकडे जाऊ नये असं त्याला वाटतं. हे तो शांतपणे, आवाज न चढवता सांगतो. आपल्याकडे 2018 मध्ये 377 कलमाची टांगती तलवार गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं लग्नाचा हक्क मात्र दिला नाही, त्यामुळे हे प्रकरण आपल्याला वाचताना परदेशातलं वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. बीएलच्या आजीबाई म्हणाव्यात अशा सत्तरच्या दशकातल्या मांगांमध्ये, म्हणजे मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या मांगाकार बायकांच्या काळात, देखणी मुलं युरोपातल्या वसतिगृहांत राहायची आणि बऱ्याचदा अकाली मरायची. ताकेमियाच्या मांगातला गिल्बर्ट हा त्यातला सर्वांत देखणा. ‘किनो नानि’मध्ये एकाला लाडानं गिल्बर्ट म्हणतात. प्रत्यक्षात तो दाढी वाढवलेला, चुरगळलेले कपडे घालणारा, दुसऱ्याच्या घरी जेवताना नावं ठेवणारा इसम निघतो. त्याचा पिळदार जोडीदार मात्र त्याच्यावर ओवाळून टाकलेला. रोजच्या जगण्याच्या कथा वाचाव्याशा का वाटतात याचं उत्तर मला या एका पात्रात मिळतं: इथे कुणाला सुंदर असण्याची आणि सुंदर मरण्याची सक्ती नाही.

व्यवहाराचे प्रश्न भरभर उरकू. शारीर दृश्यं किती, हे पहिल्यांदा वाचणारे विचारतातच, लाजायचं काही नाही. ‘किनो नानि’त जवळजवळ शून्य, घरात कुणाच्याही हाती लागलं तरी फार तर भूक लागेल. ‘हिदामारी’ही सौम्य. ‘दोक्युसेई’चा पहिला खंड चुंबनांपुरता, पुढच्या भागांत जवळीक वाढते. लांबीचं म्हणाल तर ‘किनो नानि’ विसाच्या पुढे गेलंय आणि चालूच आहे, पण प्रत्येक प्रकरण सुटं वाचता येतं, त्यामुळे सगळे खंड एकदम घ्यायची गरज नाही. शिवाय पात्रं आपल्याबरोबर म्हातारी होतात. चाळिशीतला शिरो आता साठीच्या आसपास आलाय, हे सुख बाकी दोघांत नाही. ‘दोक्युसेई’ एका खंडातही पूर्ण वाटतं. पुढे जायचं असेल तर आधी ‘सोत्सुग्योसेई’चे दोन भाग घ्या, संगीतशिक्षक हाराचा ‘सोरा तो हारा’ नंतर वाचला तरी चालतो. ‘हिदामारी’चाही पहिला खंड घेऊन थांबता येतं. त्यावर 2017 मध्ये सिनेमा आला आणि 2024 मध्ये मालिका. ‘किनो नानि’ची मालिका 2019 ची, निशिजिमा हिदेतोशी आणि उचिनो सेइयो यांची, आणि ती मूळ मांगाच्या तोडीस तोड आहे.

‘गिव्हन’ हा बीएल मांगा का नाही, असं कुणीतरी विचारेलच. बँड आहे, शोक आहे, नऊ खंडांत बांधलेलं पक्कं कथानक आहे, उत्तमच आहे, पण रोजचे दिवस वाचायचे म्हणून ते घेऊ नये. ‘सासाकी तो मियानो’ गोड आहे, त्यातला मियानो स्वतःच बीएल वाचतो ही कल्पनाही छान, पण माझ्यासाठी साखर जास्त. ओकिनावातला ‘उमिबे नो एत्रांजे’ मला फार आवडतो. फक्त तो वरच्या तिघांइतका सोवळा नाही, हे धरून चाला.

मग घ्यायचं काय? विशीच्या आत असाल किंवा ते वय पुन्हा चाखायचं असेल, आणि चित्रांसाठी वाचत असाल, तर ‘दोक्युसेई’. हुरहुर हवी, मैत्रीतून हळूहळू काहीतरी होताना बघायचं असेल, तर ‘हिदामारी’. कुणाबरोबर घर चालवलं असेल, निदान चालवायचा विचार तरी मनात असेल, तर ‘किनो नानि’. त्यातही घुटमळत असाल तर पहिल्या खंडातलं कलिंगडाचं प्रकरण वाचा. शिरो स्वस्त कलिंगडापुढे विचार करत उभा आहे, एवढं मोठं घेऊन करायचं काय. शेजारी एक अनोळखी बाई त्याच विवंचनेत. ती म्हणते, अर्धं अर्धं घेऊ या का? कापायला तिच्या घरी गेल्यावर आपण परक्या पुरुषाला घरात घेतलंय हे लक्षात येऊन ती घाबरते, आणि तिला शांत करायला शिरोला आजवर ऑफिसात न बोललेली गोष्ट बोलून दाखवावी लागते. ते वाचून हसू आलं नाही, तर बाकीचे वीस खंड तुमच्यासाठी नाहीत, सरळ नाकामुराकडे वळा.