चार नंबरचा लोखंडी रंधा : आठ महिने वापरल्यानंतर

मी भोसरीत कारखान्यात आहे, त्यामुळे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. नेमकी त्याच दिवशी आमच्याकडची वीज दुरुस्तीसाठी सकाळी दहाला जाते, ती बऱ्याचदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला येते. विजेवरचा रंधा घ्यावा की हाताचा, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. नोव्हेंबरात हाताचा आणला: देशी बनावटीचा, बिडाचा, चार नंबरी मापाचा, म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांब आणि 2 इंच पात्याचा. आता जुलै संपत आलाय.

काम आधीच ठरलेलं होतं. आईचा 43 इंची टीव्ही जुन्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेला, बघताना तिची मान अवघडायची. त्यासाठी 4 फूट लांब, 16 इंच उंच स्टँड करायचा होता. लाकूड घरचंच होतं. आत्याचं साताऱ्याकडचं जुनं घर पाडलं तेव्हा दोन सागवानी दारं मी मागून आणली होती.

पहिला महिना मनस्तापाचा गेला. रंधा लाकडावर चालायचाच नाही, उड्या मारायचा, आणि जिथे चालला तिथे लाकूड उपटून काढायचा. परत करायला निघालो होतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला फळी बघायला गेलो, तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींना सहज विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "पातं लावलंत का? नव्या रंध्याला धार नसते साहेब, ती आपण द्यायची असते."

हे वाचणाऱ्या नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की रंध्याबरोबरच धारेचं सामानही घ्या. माझ्याकडे जाड काचेचा तुकडा आणि 220 पासून 2000 नंबरपर्यंतचे (खरखरीत ते बारीक) वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर, आहेत, एवढ्यावर भागतं. आधी पात्याची पाठ आरशासारखी सपाट करायची, मग 25 अंशांचा उतार आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीक धार. हाताचे केस निघाले की समजायचं, झालं. पात्यावर जी दुसरी पट्टी बसते ती धारेपासून एक मिलिमीटरच्याही आत आणून ठेवली, तेव्हा गाठीभोवतीचं उलटसुलट लाकूडसुद्धा उपटायचं थांबलं. निघणारा छिलका त्या पट्टीवर आपटून लगेच मोडतो, त्यामुळे पुढचे तंतू उचकटत नाहीत. पहिल्यांदा चार फुटी सलग, पलीकडचं दिसेल इतका पातळ छिलका निघाला तो मी आईला नेऊन दाखवला.

माझा गुरुवार आता असा जातो: वीज जायच्या आत गिरणीतून दळण, मग बँक, आईची औषधं, भाजी. अकरा-साडेअकराला बाल्कनीत रंधा. दुपारी शेजारच्या आजी झोपलेल्या असतात, पण आठ महिन्यांत एकदाही तक्रार आली नाही. आवाज होतो तो सर्र-सर्र असा, भिंतीपलीकडे जात नाही. धुळीऐवजी छिलके पडतात, झाडूने दोन मिनिटांत गोळा होतात. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. मला वीस-पंचवीस मिनिटांतच ते जाणवायला लागतं. पातं काढून धार लावायचं काम मात्र मी संध्याकाळवर टाकतो. सातला सह्याद्रीच्या बातम्या लागल्या की काच आणि पाण्याची वाटी घेऊन हॉलमध्येच खाली बसतो. पुढे आईच्या मालिका सुरू होतात. दिवसातला हा माझा सगळ्यात आवडता तास आहे.

जुनं लाकूड वापरणार असाल तर खिळे जपा. एका चौकटीत डोकं तुटलेला खिळा आत दडलेला होता, पात्याला खाच पडली आणि ती घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आधी फळीवरून फिरवतो.

तक्रारी आहेत. पातं वर-खाली करायच्या चाकाच्या आट्यांत ढिलेपणा आहे, दिशा बदलली की जवळजवळ एक फेरा फुकट जातो. मूठ प्लॅस्टिकची होती, तळहाताला फोड आले. उरलेल्या सागाची नवी मूठ घडवून बसवली तेव्हा हात सुखावला. आणि गंज! जूनमध्ये एका रात्री रंधा बाल्कनीत राहिला, सकाळी तळावर नारिंगी ठिपके. आता काम झालं की शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतो.

प्लायवूडचंच काम करायचं असेल तर हा घेऊ नका, त्यातला गोंद धारेची वाट लावतो. एका दिवसात चार दारं रंधायची असतील तरीही विजेवरचाच बरा. रोजच्या धावपळीतून मिळालेल्या दीड-दोन तासांसाठी मात्र मी हाच परत घेईन.

स्टँड जूनमध्ये पुरा झाला. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. (तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.) खणाला दोन्ही बाजूंनी फट ठेवली होती, तरी या पावसात तो फुगून जरा अडकतोय. आई म्हणते, "मार की एक हात रंध्याचा." मी थांबलोय. आत्ता तासला तर थंडीत खुळखुळेल; दिवाळीपर्यंत लाकूड वाळू दे, मग बघतो.