कमी पैशात फ्लॉरेन्स: कोल्हापूरकराचा रिव्ह्यू

पहिल्यांदा पैशाचं बोलतो. इटलीतलं फ्लॉरेन्स महाग आहे, त्यात दुमत नाही. सीझनला हॉस्टेलचा साधा बेड सुद्धा चार-पाच हजारांत जातोय, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला की साधं सँडविच घेताना पण डोक्यात गुणाकार सुरू होतोय. तरी मी आणि आई तिथं राहून, मनसोक्त फिरून आलो आणि खिसा फाटला नाही. माझा शेरा असा आहे की हे शहर बसणाऱ्याला महाग आणि उभं राहणाऱ्याला लई स्वस्त आहे. कॉफी उभ्यानं प्या, पुतळे उभ्यानं बघा, जेवण बाजारात करा आणि राहायचं गावाबाहेर ट्रामच्या कडेला, एवढं जमलं तर फ्लॉरेन्ससारखं शहर नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देतात. आम्ही ज्यांच्याकडं चौकशी केली त्यांच्या प्लॅनमध्ये सकाळी बस, मग चौक, फोटो, आणि लगेच पिसाचा मनोरा. आणि कोल्हापूरच्या माणसानं जी जागा बघायलाच पाहिजे ती त्यात नव्हतीच. त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

राहायचं बघायला गेलं तर मधल्या जुन्या गावात अजिबात बघू नका. टी-१ ट्राम स्कांदिच्ची बाजूनं येऊन मेन रेल्वे स्टेशनजवळून पुढं जाते, त्या लाईनवर कुठंही खोली मिळाली तर दर बराच खाली येतोय आणि स्टेशनला पोचायला फार वेळ लागत नाही. तिकीट १.७० युरो, एकदा काढलं की ९० मिनिटं चालतं आणि त्यात बस पण बदलता येते. ट्राममध्ये कार्ड टॅप केलं तरी चालतंय. कागदी तिकीट असेल तर आत चढल्या चढल्या मशीनला लावायचं, तिकीट खिशात आहे पण पंच केलेलं नाही असं असलं तरी दंड होतोय आणि तो चांगलाच मोठा असतोय. ट्रामला माझ्याकडून १० पैकी ९. स्वच्छ, दर चार-पाच मिनिटाला, आणि आईला पायरी चढावी लागत नाही, दार फलाटाच्या लेव्हललाच उघडतंय. एक मार्क कापला कारण संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते.

हो, आणि हॉटेलचं भाडं वेगळं आणि माणशी रोजचा टुरिस्ट टॅक्स वेगळा, तो बऱ्याच ठिकाणी तिथं पोचल्यावर घेतात, बुकिंग करताना हे बघून घ्या.

आता खाणं. इथं मी जरा जास्त लिहिणार.

सांत आम्ब्रोजो नावाची मंडई आहे, १८७३ सालची, लोखंडी खांबांची. पर्यटक सगळे सान लोरेंझोच्या मोठ्या मार्केटकडं पळतात पण गावातली माणसं इथं येतात. एकदम आपली कपिलतीर्थ मंडई, बाहेर भाजीवाले, आत चीज आणि मटणाची दुकानं, म्हाताऱ्या बायका टोमॅटो निवडून निवडून घेणार आणि दुकानदार त्यांच्याशी गप्पा मारत बसणार. सकाळी जायचं, दुपारी दोनच्या सुमारास आवरतात, रविवारी बंद. आतच छोटी खानावळ आहे, पाटीवर आजचं जेवण लिहिलेलं असतंय. तिथं रिबोलिता खाल्ली. शिळा ब्रेड, पांढरे बीन्स, काळसर कोबीची पानं आणि भाज्या घालून घट्ट शिजवलेलं, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. गरिबांचं जेवण म्हणून सुरू झालेला पदार्थ, पण पोट असं भरतंय की रात्रीपर्यंत भूक नाही. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे ब्रेड-टोमॅटोचं पण तसंच. शाकाहारी माणसाला हे दोन पदार्थ लक्षात ठेवले तरी पुरे, फक्त रश्शात मटणाचा स्टॉक आहे का ते विचारा.

लाम्प्रेदोत्तो नावाचं सँडविच गाड्यांवर सगळीकडं दिसेल, फ्लॉरेन्सची खासियत आणि स्वस्त पण आहे, पण ते गायीच्या पोटाचं असतं, म्हणून आम्ही घेतलं नाही. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावं, गाड्यासमोरची रांग बघूनच कळतंय की माल चांगला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, तिथल्या ब्रेडला मीठ नसतं. अजिबात नाही. पहिला घास घेतल्यावर आई म्हणाली, "अरे, ह्यात मीठ घालायचं विसरले वाटतं." विसरलेले नाहीत, टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, पिढ्यान्‌पिढ्या असाच बिनमिठाचा ब्रेड करतात, त्याच्याबरोबर खायचं मांस आणि चीज खारट असतंय. आईनं मग पिशवीतनं कांदा-लसूण चटणी काढली. जाड स्लाईस, त्याच्यावर मंडईतनं घेतलेलं हिरवट ऑलिव्ह तेल ओतलं, ते ब्रेडमध्ये मुरलं की वर चटणी भुरभुरली आणि अर्धा टोमॅटो चिरडून घासला. तेलाचा तो किंचित कडवट तिखटपणा आणि आपली चटणी, खरंच सांगतो, नादखुळा लागतंय. आमचा सकाळचा नाष्टा नंतर हाच होता आणि दोघांचं मिळून काही फार पैसे लागत नव्हते. चटणी न्या, लाडू नेताना मात्र बघून न्या, दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे.

कॉफीचा नियम साधा आहे. काउंटरला उभं राहून एस्प्रेसो घेतली की दीड युरोच्या आसपास, तीच कॉफी सिन्योरियाच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात खुर्चीवर बसून घेतली की तिप्पट-चौपट. दोन्ही दर आत लिहून लावलेले असतात, ते वाचायचे. हॉटेलात जेवायला बसला तर बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ब्रेड खा नाहीतर नका खाऊ. फसवणूक नाही ती, तिथली पद्धत आहे, पण मेनूकार्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय आणि आपल्या माणसांचं तिथंच भांडण होतंय.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी चांगलं आहे, आणि त्याच चौकात पालाझ्झो वेक्कियो ह्या जुन्या राजवाड्याजवळ नेपच्यूनच्या कारंज्यापाशी महापालिकेचा नळ आहे त्याला साधं आणि सोडा दोन्ही पाणी फुकट येतंय. बाटली घेऊन जायची आणि भरायची. ह्या एका सोयीला १० पैकी १०.

बघायचं काय, तर फुकटातलंच इतकं आहे की पैसे देऊन बघायचं राहिलं तरी चालेल. लोजिया देई लांझी म्हणजे सिन्योरिया चौकातली उघडी कमानींची जागा, तिथं चेल्लिनी ह्या शिल्पकाराचा पर्सियस आहे, म्हणजे हातात मेडुसा राक्षसिणीचं मुंडकं धरलेला ग्रीक पुराणातला वीर, १५५४ चा, ब्राँझचा, आणि जाम्बोलोन्याचा १५८३ चा एका दगडातनं तीन माणसं काढलेला पुतळा. तिकीट नाही. चारशे-पाचशे वर्षं जुने पुतळे आणि तुम्ही हातभर अंतरावर. आई त्या पर्सियससमोर किती वेळ उभी होती, कापलेल्या मुंडक्यातनं ब्राँझचं रक्त लोंबतंय ते खालून बघायचं, फोटोत ते कळत नाही. समोरचा मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा मात्र कॉपी आहे, १९१० मध्ये बसवलेली, खरा १८७३ मध्येच अकादेमिया म्युझियममध्ये हलवला.

मोठं चर्च, दुओमो, आत जायला फुकट आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. रांग लांब दिसते पण सरकते. वर घुमटावर चढायला मात्र मोठं तिकीट आणि ४६३ पायऱ्या, आम्ही चढलो नाही आणि काही चुकलं असं वाटलं नाही. घुमट खालूनच बघा, १४२० ते १४३६ ह्या काळात ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं खालून लाकडी आधार न देता बांधला. विटा तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या रचल्यात, त्यामुळं ओली वीट सरकत नव्हती आणि प्रत्येक थर पूर्ण झाला की स्वतःच स्वतःला धरून राहायचा. चर्च बघून झालं की पाच मिनिटावर ओब्लाते नावाची सरकारी लायब्ररी आहे, वरच्या मजल्यावर कॅफे, आणि तिथनं घुमट एकदम समोर. कॉलेजची पोरं अभ्यास करत बसलेली असतात, कुणी उठवत नाही, बाथरूम स्वच्छ. मला वाटतं संपूर्ण फ्लॉरेन्समध्ये पैसा वसूल जागा हीच.

सांत आपोलोनिया ह्या जुन्या मठातलं येशूच्या 'शेवटच्या जेवणा'चं भित्तिचित्र फुकट, ओन्यिसांती चर्चमध्ये गिरलांदायो ह्या चित्रकारानं १४८० मध्ये काढलेलं त्याच विषयाचं चित्र पण फुकट आणि त्याच चर्चमध्ये बोत्तिचेल्ली ह्या प्रसिद्ध चित्रकाराला पुरलंय. संध्याकाळी सान मिनियातोच्या टेकडीवर जा. मिकेलांजेलो चौकात सूर्यास्ताला जत्रा असते, दहा मिनिटं अजून वर चढला की चर्च आहे, तिथले साधू संध्याकाळची प्रार्थना जुन्या ग्रेगोरियन चालीत गातात, कुणीही बसून ऐकू शकतंय. गुडघे दुखणाऱ्यांनी वर बसनं जावं.

उफिझी ह्या चित्रांच्या मोठ्या म्युझियमला पैसे द्यायचेच असले तर द्या, २५ युरोच्या आसपास तिकीट आहे आणि वर्थ आहे. नाहीतर महिन्याचा पहिला रविवार धरा, त्या दिवशी सरकारी म्युझियम फुकट असतात, उफिझी आणि अकादेमिया दोन्ही. पहाटे उठून रांगेत लागायची तयारी पाहिजे. सोमवारी दोन्ही बंद, हे विसरू नका.

आता ती जागा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे, हे शाहू महाराजांच्या आधीचे, १८७० साली इंग्लंडला गेले होते. राणी व्हिक्टोरियाला भेटले, प्रवासाची डायरी लिहिली, ती पुढं १८७२ मध्ये छापून पण आली. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. वय फक्त वीस. तेव्हा तिकडं दहन करायची पद्धत नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नदीच्या संगमावर आपल्या रिवाजाप्रमाणं दहन झालं. त्याच जागेवर १८७४ मध्ये छत्री बांधली, आत महाराजांचा रंगीत संगमरवरी अर्धपुतळा आहे, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला. आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. आपला न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल ज्यानं काढला तोच मँट. कोल्हापूरकरांनो, हे माहिती असून फ्लॉरेन्सला जाऊन तिथं न जाणं मला पटत नाही.

जागा काशीने पार्कच्या पार टोकाला आहे. पार्क नदीकाठानं लांबच लांब पसरलंय, टी-१ चा काशीने नावाचाच स्टॉप आहे, तिथं उतरून नदी उजव्या-डाव्या कुठल्याही हाताला ठेवायचा घोळ नको, पाणी ज्या दिशेनं वाहतंय त्या दिशेनं चालत राहायचं. पाऊण तास लागतोय, आईबरोबर तास लागला, झाडांची सावली आहे आणि बाकं आहेत. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. जॉगिंग करणारे, सायकलवाले तिथंच येऊन वळतात. पुतळ्याच्या डोक्यावर पगडी, अंगावर भरजरी अंगरखा, गळ्यात दागिने, सगळं रंगवलेलं. आई चप्पल काढून नमस्कार करत होती तेव्हा एका इटालियन आजोबांनी थांबून हातानंच विचारलं, तुम्ही ह्यांच्या गावचे का. मी म्हणालो, "कोल्हापूर." त्यांनी "इंदियानो, इंदियानो" म्हणत मागच्या मोठ्या पुलाकडं बोट केलं. त्या पुलाचं नावच पोन्ते आल्लिन्दियानो आहे, भारतीयाचा पूल, महाराजांमुळं पडलेलं. हजारो गाड्या रोज त्यावरनं जातात. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

जाताना मंगळवार बघून जा. मंगळवारी सकाळी काशीनेत मोठा बाजार भरतो, कपडे, चपला, भांडी, चीज, भाजलेली कोंबडी, सगळं मधल्या गावापेक्षा स्वस्त. तिथं जेवण बांधून घ्यायचं आणि छत्रीपर्यंत चालत जायचं, आम्ही तसंच केलं. बाजार दुपारी दोनपर्यंत उठतो. पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि उन्हाळ्यात डासांचं मलम. परत यायला पाय चालत नसतील तर अर्ध्या वाटेत टॅक्सी मिळेल अशी आशा ठेवू नका, आलो तसंच चालत स्टॉपला यावं लागतंय. आणि जमलं तर जुलै-ऑगस्ट टाळाच, ऊन आपल्या मे महिन्यासारखं आणि खोल्या सगळ्यात महाग, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत थंडी असते पण दर बरेच खाली येतात आणि रांगा पण लहान.